‘आप’ : एका हाकेचे संदेष्टेपण

(नंदुरबार येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएलच्या बेथेल गावातून एका माणसाला निघून जायला सांगण्यात आले. सांगणारा होता तिथल्या राजमंदिराचा पुजारी अमस्या. ज्याला सांगितले तो दक्षिणेकडच्या तकोवा गावाहून आला होता, नाव आमोस. पुजाऱ्याचे म्हणणे साधे होते : हे राजाचे देऊळ आहे, इथे असले बोलू नकोस, आपल्या मुलखात जा आणि तिथे बोलून पोट भर. आमोसचे उत्तर बायबलमध्ये नोंदले आहे. मी काही पेशाने संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुरे राखतो आणि उंबरे पिकवतो, असे तो म्हणाला. त्या मुलखातले उंबराच्या जातीचे ते फळ टोचल्याशिवाय नीट पिकत नाही. झाडावर चढायचे आणि एकेक कच्चे फळ टोचत जायचे, हे त्याचे रोजचे काम. गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकणाऱ्या श्रीमंतांविरुद्ध तो उभा राहिला, तेव्हा त्याच्यापाशी ना गादी होती, ना पोथी, ना कुणाचे पाठबळ. होती ती फक्त आलेली हाक.

मराठी बायबलने या माणसांसाठी ‘संदेष्टा’ हा नेमका शब्द रूढ केला. पूर्वी ‘भविष्यवादी’ असेही म्हणत, आणि त्यातूनच हा माणूस उद्याचे सांगणारा असतो ही समजूत पसरली. हिब्रू शब्द आहे ‘नबी’. अनेक भाषाअभ्यासक त्याचे नाते ‘हाक मारणे’ या अर्थाच्या जुन्या अक्कादी धातूशी जोडतात. म्हणजे नबी हा आधी हाक मारला गेलेला, आणि मग हाक मारणारा. मोशेला जळत्या झुडपातून दोनदा नावाने हाक येते आणि तो म्हणतो, माझी जीभ जड आहे. यिर्मया म्हणतो, मी लहान आहे, मला बोलता येत नाही. योना तर उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळतो. भविष्य सांगून नाव कमावण्याची हौस यांपैकी कुणालाच नव्हती. आज मला मांडायचे आहे ते एवढेच : संदेष्ट्याची पारख त्याच्या भाकितांवरून किंवा चमत्कारांवरून होत नाही. ज्यांना कुणी मानाने हाक मारत नाही त्यांना तो मानाने हाक मारतो, आणि ती हाक ते लोक पुढे एकमेकांना मारू लागतात की नाही, यावर त्याच्या आयुष्याच्या कार्याची पारख होते. हे मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आधाराने दाखवू पाहतो. तो माणूस म्हणजे तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाममहाराज.

त्यांच्या काळाचा मुलूख आधी डोळ्यांसमोर आणू. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. गुलाममहाराजांच्या वेळी हा सगळा पश्चिम खानदेश. तापीकाठची काळी जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिल्लांच्या हातून निसटत सावकारांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या नावावर गेली. जो काल त्या जमिनीचा कसणारा होता तो आज तिच्यावरचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीने बांधलेला गडी, झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचे, उचल घ्यायची, आणि पुढच्या आखाजीला हिशेब केला की उचल फिटलेली नसायची. तिच्यात दारूचा वाटा मोठा. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळतात. ती वेचायची, वाळवायची, मडक्यात भिजवून आंबवायची आणि भट्टीवर दारू काढायची, हे घरचे काम होते. देवाला धार, लग्नाला धार, मयताला धार. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी हा गुन्हा ठरवला आणि दारू मक्तेदाराच्या दुकानात नेऊन बसवली. झाड आपले, फूल आपले, आणि दारू मात्र दुकानातून उधारीवर. ज्या वस्तूने सणाला लोक एकत्र येत, तीच वस्तू कर्जाच्या वहीतला आकडा झाली. त्या वहीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला, तो कितीही वडीलधारा असो, ‘अरे’ आणि ‘तू’ एवढेच ऐकू येई.

अशा मुलखात १९३० नंतरच्या दशकात गुलाममहाराजांनी भिल्ल समाजाला बोलावले. ते स्वतः भिल्ल. मठ नव्हता, संस्कृत नव्हते, कुठल्या पीठाची परवानगी नव्हती. मोरवडला आरतीसाठी लोक जमू लागले आणि बघता बघता ती संख्या हजारोंत गेली. सांगणे थोडके होते : दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा, भांडू नका. मुंबई इलाख्यात जुलै १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळ आले होते आणि दारूबंदी हा काँग्रेसचा जाहीर कार्यक्रम होता, हे खरे. जवळच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन होऊन गेले होते, हेही खरे. पण सरकारी फतव्याने किंवा पुढाऱ्याच्या भाषणाने रानातून पायी चालत माणसे मोरवडला येत नव्हती. ती आपल्यातल्याच एकाने घातलेल्या सादेला ओ देत होती. जुलै १९३८ मध्ये गुलाममहाराज गेले. त्यांचे सार्वजनिक कार्य फार थोडा काळ चालले. तरीही आज, ऐंशीहून अधिक वर्षांनी, तळोदा, अक्कलकुवा, शहादा या भागांत त्यांचे अनुयायी एकमेकांना भेटताना जे म्हणतात त्यात त्यांच्या कार्याचा गाभा आहे. ते म्हणतात, ‘आप की जय’.

या अभिवादनाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. दारूबंदीची चळवळ म्हणून मोरवडची नोंद होते आणि ‘आप’ हा शब्द एखाद्या पंथाची खूण म्हणून बाजूला पडतो. मला तो मध्यभागी ठेवायचा आहे. ‘आप’ हा भिलीतला शब्द नाही, खानदेशच्या अहिराणीतलाही नाही. तो हिंदुस्थानीतला अदबीचा शब्द. ज्यांना कचेरीत, बाजारात, खळ्यावर कुणी आदरार्थी बोलत नव्हते, त्यांनी तो आदर कुणाकडे मागितला नाही. तो एकमेकांना देऊन टाकला. सालदाराने सालदाराला ‘आप’ म्हटले. जयजयकार देवाचा होतो, राजाचा होतो, गुरूचा होतो. इथे जयजयकार समोरच्या माणसाचा आहे, आणि तो समोरचा माणूस फाटक्या धोतरातला आहे. मराठीच्या कानाला यात आणखी एक सूर लागतो. आपल्याकडे ‘आप’ म्हणजे स्वतः : आपपर, आपसात, आपापले. म्हणजे एकाच अक्षरजोडीत ‘तुम्ही, मानाचे’ आणि ‘मी स्वतः’ हे दोन्ही येतात. दुसऱ्याला मान देताना माणूस स्वतःलाही सापडतो, हे सांगायला एवढा लहान शब्द कुठल्याही धर्मग्रंथाला मिळाला असेल असे मला वाटत नाही.

हाक बदलली की सत्ता अस्वस्थ होते, हा संदेष्ट्यांच्या इतिहासातला न चुकणारा अनुभव. यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळ्यात शेगडीपुढे बसला होता. यिर्मयाने सांगितलेले आणि बारूखाने लिहून घेतलेले शब्द त्याला वाचून दाखवले जात होते. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चाकूने गुंडाळीचा तेवढा भाग कापी आणि विस्तवात टाकी. असे करत सगळी गुंडाळी जळाली. मग यिर्मयाने बारूखाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितली आणि पहिल्यातले सगळे पुन्हा लिहवले, वर आणखी भर घातली. आपल्याकडे गुंडाळी नव्हती, माणसे होती. गुलाममहाराजांमागे त्यांचे बंधू रामदासमहाराज यांनी कार्य हाती घेतले. मेळे वाढले, तसा दारूच्या धंद्यात आणि सालदारीच्या व्यवहारात ज्यांचे हित गुंतले होते त्यांचा विरोध वाढला. १९४१ च्या सुमारास सरकारने रामदासमहाराजांना जिल्ह्याबाहेर काढले. अंघोळ करा आणि दारू पिऊ नका एवढेच सांगणाऱ्या माणसाची भीती सरकारला का वाटावी? कारण हजारो माणसे कुणाच्या हुकमावाचून एकत्र येत होती आणि एकमेकांना मानाने बोलत होती. अमस्या आमोसला ‘आपल्या मुलखात जा’ म्हणाला. इथे तर माणसाला त्याच्याच मुलखातून जायला लावले.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप आदिवासी संस्कृतीच्या अभ्यासकांचा आणि आज स्वतः आदिवासी तरुणांचाही आहे. मोहाची धार याहा मोगी या देवीच्या पूजेत आहे, होळीत आहे, नात्यागोत्याच्या प्रत्येक विधीत आहे. ती सोडायला लावणे म्हणजे वरच्या जातींचा शुद्धाशुद्धतेचा विचार आदिवासींवर लादणे, एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटले त्याचाच हा नमुना, असे हे म्हणणे. यात तथ्य आहे. व्रत घेतलेले आणि न घेतलेले असे भेद गावागावांत पडले, काही घरांत जुने विधी मागे पडले, ही किंमत खरी आहे आणि ती नाकारून गुलाममहाराजांचा गौरव होत नाही. पण सोडण्याचा अर्थ नेहमी वरच्याची नक्कल हाच असतो का? यिर्मयाच्याच ग्रंथात रेखाबी घराण्याची हकीकत आहे. यिर्मयाने त्यांना मंदिराच्या एका खोलीत नेले, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले घडे आणि प्याले ठेवले आणि प्या म्हणाला. ते प्याले नाहीत. आमच्या पूर्वजाने सांगितले आहे, आम्ही पीत नाही, एवढेच म्हणाले. त्यांना कुणा वरच्यासारखे दिसायचे नव्हते. भोवतालचा सगळा समाज पीत असताना न पिणे ही त्यांची स्वतःची ओळख होती, आणि शब्दाला जागणे म्हणजे काय हे संदेष्ट्याने सगळ्या राष्ट्राला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितले.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की, सोडली ती दारू तेव्हा कुणाची होती? देवापुढची धार आणि दुकानातली उधारीची बाटली यांत १८७८ नंतर जमीनअस्मानाचे अंतर पडले होते. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासींतल्या १९२२-२३ च्या देवी चळवळीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच दिसले : दारू सोडणे म्हणजे दारूवाल्याची आणि जमीनदाराची पकड झिडकारणे होते, आणि ज्या मूल्यांच्या जोरावर वरचे लोक वर होते ती मूल्ये हिसकावून घेणेही होते. सातपुड्याच्या पायथ्याला याहून वेगळे घडले असे मानायला कारण नाही. मात्र एक कबुली दिली पाहिजे. गुलाममहाराजांनी देवाची धार आणि दुकानाची बाटली असा भेद केला नाही. त्यांनी दोन्ही सोडायला सांगितले. आगीत घर जळत असताना माणूस सामान निवडत बसत नाही. आज ती आग तशीच नाही, आणि आजच्या पिढीला तो भेद करण्याचा, आपले विधी पुन्हा आपल्या हातात घेण्याचा पूर्ण हक्क आहे. ज्याने आत्मसन्मान शिकवला त्याच्या शिकवणीशी हे विसंगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. आमोसने श्रीमंतांना सुनावले. एलीया संदेष्ट्याने राजा अहाबाला नाबोथाच्या मळ्यात गाठले. वडिलोपार्जित मळा विकायला नकार दिला म्हणून खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला मारले होते आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला आला होता. तिथेच एलीयाने त्याला खुनी म्हटले. गुलाममहाराजांनी मात्र मळा गमावलेल्या नाबोथालाच उपदेश केला. नाडलेल्यालाच सुधारायला सांगणे हा न्याय की नाडणाऱ्याची सोय? या आक्षेपाला मी दोन गोष्टी सांगतो. एक, एलीयाला राजापुढे बोलता आले कारण त्या समाजात राजालाही देवाशी झालेला करार लागू होता आणि संदेष्ट्याचे ऐकावे अशी निदान रीत होती. खानदेशच्या सावकाराला आणि मक्तेदाराला भिल्लाचे ऐकावे अशी कुठलीच रीत बांधत नव्हती. ज्याला बोलण्याजोगे कुणी मानत नाही, त्याचे पहिले श्रोते त्याचेच लोक असतात. दुसरी गोष्ट अशी की, हाक आत मारली गेली तरी ती आत थांबली नाही, आणि याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे.

शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजने गात गावोगाव फिरत. लोक त्यांनाही महाराजच म्हणत. सर्वोदयाच्या विचाराचा हा माणूस भजनाच्या फडातून मजुरी, जमीन आणि अत्याचार यांवर बोलू लागला. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला उपाशी आदिवासी आणि जमीनदार यांच्यात संघर्ष होऊन गोळीबार झाला आणि सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष शहाद्याकडे गेले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. बाहेरून आलेले कुमार शिराळकरांसारखे तरुण आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथलेच तरुण एकत्र आले, आणि श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, गहाण पडलेल्या जमिनी, रखवालीच्या नावाखालची मारहाण, हे सगळे आता थेट समोरच्याला विचारले जाऊ लागले. त्याच काळात आदिवासी बायका एका गावातून दुसऱ्या गावात जात दारूची मडकी फोडत होत्या. मारिया मीस यांनी शहाद्याच्या चळवळीवरच्या आपल्या अभ्यासात हे नोंदले आहे. ज्या हाताने मडके फोडले तोच हात मोर्चात वर झाला. नैतिक सुधारणा आणि हक्काचा लढा या दोन वेगळ्या वाटा आहेत, ही आपली पुस्तकी विभागणी त्या बायकांनी मानली नाही. मोरवडला माणसे एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकली नसती, तर शहाद्याला ती ‘आम्ही’ म्हणून उभी राहिली असती का? दोन घटनांत सरळ कार्यकारण मी जोडत नाही. इतकेच म्हणतो की जी जमीन आधी भुसभुशीत झाली होती तिच्यातच हे बी रुजले.

तिसरा आक्षेप तुलनेलाच आहे. हिब्रू संदेष्ट्यांमागे एकेश्वराचा करार होता, राष्ट्राचा इतिहास होता, लिखित ग्रंथ होता. भिल्ल संताला त्यांच्या पंक्तीला बसवणे ओढाताणीचे नाही का? स्टीफन फुक्स यांनी १९६५ मध्ये भारतातल्या अशा चळवळींवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याचे नावच ‘रिबेलियस प्रॉफेट्स’ ठेवले, म्हणजे हा शब्द वापरणारा मी पहिला नाही. पण त्यांचा भर मसीहाच्या, म्हणजे येऊन सगळे पालटून टाकणाऱ्या तारणहाराच्या अपेक्षेवर होता. माझा भर वेगळा आहे. तारणहाराकडून लोक काही मिळण्याची वाट पाहतात. संदेष्टा लोकांकडे काही मागतो. धर्मशास्त्रात मी साम्य सांगत नाही, हाकेच्या घडणीत सांगतो. आणि ग्रंथाविना संदेष्टा टिकत नाही म्हणाल, तर त्याचे उत्तर मराठीतच आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजापाशी शतकानुशतके हिब्रू पोथ्या नव्हत्या. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी ‘शमा’ ही यहुद्यांची मूळ प्रार्थना आणि एलीया संदेष्टा जपला. मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे मांडून आजही ते एलियाहू हनबीचे, म्हणजे याच एलीयाचे, स्मरण करतात. पोथी नव्हती तिथे ताट होते. मोरवडला पोथी नव्हती तिथे अभिवादन होते.

आणि यातूनच ‘आयुष्याचे कार्य’ या शब्दांचा अर्थ नीट लागतो. यिर्मयाने चाळीस वर्षे काम केले, चिखलाच्या विहिरीत त्याला सोडले गेले, जुन्या चिंध्या काखेत धरून दोराने वर काढले गेले, आणि शेवटी डोळ्यांदेखत यरुशलेम पडले. आमोस किती दिवस बोलला हे सांगणे कठीण. कदाचित एकाच मोसमाचे काम असेल. दोघांना आपण एकाच मालिकेत ठेवतो. म्हणजे मोजमाप वर्षांचे नाही. संदेष्ट्याचे आयुष्य त्याच्या श्वासाबरोबर संपते. त्याचे कार्य ज्यांनी ओ दिली त्यांच्या आयुष्यांतून चालते आणि त्यांनी ओ देणे थांबवले की संपते. म्हणून गुलाममहाराजांचे कार्य पुरे झाले की नाही, याचा निकाल १९३८ मध्ये लागलेला नाही. तो अजून आपल्या हातात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरांतले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. म्हणजे इथे ‘आप’ म्हणायचे ते कुणा मूठभरांना नव्हे, जिल्ह्याच्या बहुसंख्येला. दर हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि दूर जाणारे मजूर याच गावांतून निघतात. अजूनही उचल घेतात, अजूनही हिशेब करणारा दुसराच असतो. दवाखान्याच्या खिडकीवर, बँकेच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर सातपुड्यातून उतरलेल्या साठ वर्षांच्या माणसाला पंचविशीतला बाबू कसा हाक मारतो, हे ऐकायला कुठल्या अभ्यासगटाची गरज नाही. मोरवडला जाऊन समाधीवर फूल वाहणे चांगले आहे, पण संदेष्ट्याचे स्मारक फुलांनी पुरे होत नाही. त्याने जो शब्द भिल्लाला भिल्लासाठी दिला, तो आता बिगर-आदिवासींच्या तोंडी आला पाहिजे. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी त्या लोकांनी एकमेकांना दिलेला मान त्यांना आपल्याकडून अजून यायचा आहे. ही बाकी आपली आहे, आणि तिची सुरुवात उद्या सकाळी पहिल्या खिडकीवर, पहिल्या हाकेपासून करता येईल.